मोजलेला श्वास

कामठीच्या आमच्या शाळेत विज्ञान शिकवणारे एक मित्र होते. त्यांना जाऊन आता दोन वर्षे होतील. पहाटे कन्हानच्या काठी बसून ते प्राणायाम करीत आणि दुपारी वर्गात प्राणवायू तयार करून दाखवीत. दोहोंत त्यांना विसंगती वाटत नसे. मला मात्र वाटे.

एकदा मी मुलांना उत्साहाने सांगितले, की प्राणायामाने शरीराला अधिक प्राणवायू मिळतो. ते नेमके दारात उभे होते. मागाहून म्हणाले, "गुरुजी, हे कोणी मोजले? ज्यांनी मोजले, त्यांनी तर उलटे लिहिले आहे." दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वामी कुवलयानंदांचे 'प्राणायाम' माझ्या हाती ठेवले.

कुवलयानंद म्हणजे जगन्नाथ गणेश गुणे. जन्म 1883 चा, मृत्यू 1966 चा. व्यायाम शिकले बडोद्याच्या माणिकरावांकडे, योग शिकले नर्मदाकाठच्या माधवदासांकडे. अमळनेरला त्यांनी शिक्षकी केली. 1924 साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून त्यांनी 'योगमीमांसा' हे त्रैमासिक सुरू केले. पदवीने ते शास्त्रज्ञ नव्हेत. पण क्ष-किरण आणि दाबमापक घेऊन ते योग्यांच्या देहाकडे वळले. नौली करणारा माणूस आतड्यात पाणी ओढून घेतो, ही लोकांना सिद्धी वाटे. त्यांनी दाखवले, की त्या वेळी आतड्यातील दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो, म्हणून पाणी चढते. त्या पोकळीला त्यांनी नाव दिले ते मात्र आपल्या गुरूचे. चमत्कार गेला, कृतज्ञता राहिली.

या लेखनाचा खरा कस प्राणवायूच्या प्रश्नावर लागतो. अधिक प्राणवायूचा दावा लोकप्रिय होता आणि योगाच्या बाजूचा होता. कुवलयानंदांनी मोजणी केली आणि तो दावा सोडून दिला. आपल्या श्रद्धेला सोयीचा असलेला पुरावा नाकारणे हे माझ्या मते श्रद्धेचेच काम आहे. ज्याला आपल्या देवाविषयी धास्ती असते, त्याला ते जमत नाही. त्यांची भाषाही तशीच आहे. ती कोरडी वाटेल, पण वाचकाला कोठे भुलवीत नाही.

पण दोषही सांगितला पाहिजे. प्राणवायू बाजूला सारल्यावर प्राणायामाचे मोल ते मज्जासंस्थेच्या संस्कारात शोधतात आणि तेथे मोजणीपेक्षा अनुमान पुढे धावते. मन जेथे सुरू होते, तेथे दाबमापक उपयोगी पडत नाही, हे खरे. मग तेथे भाषेनेही थोडे थांबावयास हवे होते.

मित्राच्या शोकसभेत कोणीसे हळूच म्हणाले, "इतका प्राणायाम करूनही साठी गाठली नाही." मला उत्तर सुचले नाही. रात्री ते पुस्तक उघडले. मज्जासंस्थेच्या मजकुराशेजारी समासात त्यांच्या बारीक अक्षरात पेन्सिलीने लिहिलेले होते, "हे कोणी मोजले?" म्हणजे जो प्रश्न त्यांनी मला केला, तोच स्वामींनाही केला होता. आणि तो करूनही ते दुसऱ्या पहाटे नदीवर गेलेच असतील.

आयुष्य वाढेल, असे त्यांनी कधी कोणाला सांगितले नव्हते. शोकसभेत मी एवढेच सांगावयास हवे होते.