दासबोधातील बोरू

दासबोधाला आपण यत्नाचा ग्रंथ म्हणतो. समर्थ रामदासांच्या (१६०८–१६८१) या २० दशकांच्या, २०० समासांच्या ग्रंथाविषयी ते खरेही आहे. मात्र यत्नाचा गौरव करणाऱ्या ओव्यांवर रसिकांची दृष्टी खिळली आणि निश्चय कृतीत कसा उतरवावा हे जेथे सांगितले आहे, ते समास बाजूला राहिले.

दुसऱ्या दशकातील पढतमूर्ख सर्वांच्या आवडीचा. बहुश्रुत, व्युत्पन्न, ब्रह्मज्ञान सांगणारा. परंतु दुराशा आणि अभिमान सुटलेला नाही. ज्ञान व आचरण यांतील अंतर इतक्या तिखटपणे मराठीत क्वचितच मांडले गेले असेल. (समग्र ग्रंथ न पाहता दूषण देणाराही याच यादीत आहे, समीक्षकाने जपून असावे.) तरीही या उपहासाने कोणी सुधारत असेल असे वाटत नाही. तो वाचताना आपल्याला शेजारी आठवतो.

याउलट एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास पाहावा. विषय लेखनक्रियेचा. अक्षर वाटोळे, सरळ, मोकळे असावे. पहिले जसे, तसेच ग्रंथ संपेपर्यंत राहावे. तरुणपणी फार बारीक लिहू नये, म्हातारपणी ते उपयोगी पडत नाही. कागदाच्या भोवती जागा सोडावी, म्हणजे कडा झडल्या तरी अक्षराला धक्का लागत नाही. नाना देशींचे बोरू, शाया, कागद जमवावेत. येथे इच्छाशक्तीची स्तुती नाही. साहित्य हाताशी ठेवणे आहे, आणि ‘घडसणे’ आहे. तोच हात तेच वळण पुन्हा पुन्हा गिरवतो, तेव्हा निश्चयाची गरजच उरत नाही. ही दृष्टी मला ग्रंथातील कोणत्याही घोषवाक्यापेक्षा मोलाची वाटते. समासाचा रोख ब्राह्मणाकडे आहे आणि कष्टाचे फळ म्हणून कीर्ती दाखवली आहे, या त्याच्या मर्यादा होत.

अकराव्या दशकाच्या तिसऱ्या समासातही हेच. पहाटे उठून काही पाठांतर, स्नान, मग संसारधंदा. भोजनानंतर वाचन, चर्चा, एकांतात ग्रंथांचे विवरण. प्रत्येक कृतीला तिच्या आधीची कृतीच आठवण करून देते.

आपल्या जुन्या घरांतून दासबोधाची पारायणे अद्याप होतात. वाचन ही सवय टिकली, लेखनाची गेली. देवनागरी मुलांना शाळेतल्या हिंदीमुळे येते, पण आजोबांना चार ओळींचे मराठी पत्र त्यांच्या हातून उतरत नाही. दर २७ फेब्रुवारीला त्याविषयी निश्चय होतात, आणि भाषणांत यत्नाच्या ओव्या हटकून येतात. बोरूचा समास मात्र त्या व्यासपीठावरून मी एकदाही ऐकलेला नाही.