जपानी भयपटांतील फिर्यादी

भुताखेतांच्या गोष्टी म्हणजे पोरासोरांस गप्प बसविण्याचें व अडाण्यांस भेवडाविण्याचें साधन, असा आपल्या सुशिक्षित मंडळींचा एक दृढ समज आहे. आणि भयपटांकडे तर ह्याहूनहि अधिक तुच्छतेनें पाहण्यांत येतें. घरांतील कर्तीं माणसें असले चित्रपट पाहत नाहींत, आणि मुलें ते चोरून पाहतात. ह्या तुच्छतेस मुळींच आधार नाहीं असें आमचें म्हणणें नाहीं. बहुतेक भयपट प्रेक्षकांस दचकविण्यापलीकडे कांहीं साधीत नाहींत. आणि अंधारांत मागून कोणी खांद्यावर हात ठेवला असतां दचकणें ही कांहीं रसास्वादाची क्रिया नव्हे. परंतु जपानांत ह्या प्रकारांत जें उत्तम निर्माण झालें आहे, त्याला हें माप लावणें अन्यायाचें होईल. तेथील उत्तम भयपटांत भूत दचकविण्यासाठीं येत नाहीं. तें फिर्याद घेऊन येतें. प्रेक्षकाला जी भीति वाटते ती भुताच्या रूपाची नसून त्या फिर्यादीच्या खरेपणाची असते. ही फिर्याद नट, छायालेखक, संगीतकार, पटकथाकार ह्या सर्वांनीं मिळून कशी उभी केली, आणि कोठें ती त्यांच्या हातून निसटली, हें पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

ह्या फिर्यादी भुतांची आद्य नायिका म्हणजे ओइवा. चौथा त्सुरुया नानबोकु ह्या नाटककारानें १८२५ सालीं एदो शहरांत, म्हणजे आजच्या टोकियोंत, तिची कथा काबुकी रंगभूमीवर आणली. इयेमोन नांवाचा एक निराश्रित सामुराई श्रीमंताच्या मुलीशीं लग्न करण्याच्या लोभानें आपल्या बाळंतीण बायकोवर उलटतो; विषानें तिचा चेहरा विद्रूप होतो, ती मरते, आणि मग त्याचा पिच्छा सोडीत नाहीं. कथा एवढीच. परंतु हें नाटक किंवा त्यावरील चित्रपट करावयाचा झाल्यास नटांनीं व इतर मंडळींनीं आधीं ओइवेच्या नांवच्या देवस्थानीं जाऊन तिला वंदन करून यावें, असा तिकडे प्रघात आहे. ह्याला कोणी भोळेपणा म्हणेल. आम्हांला मात्र त्यांत एक कलाविषयक सत्य दिसतें. जिची कैफियत आपण मांडणार तिला आधीं भेटून यावें, हा वकिलाचा पहिला धर्म होय.

ओइवेच्या कथेवर अनेक चित्रपट निघाले. त्यांत नोबुओ नाकागावा ह्यांनीं शिंतोहो कंपनीसाठीं १९५९ सालीं काढलेला रंगीत चित्रपट फार वरच्या दर्जाचा मानला जातो. ही कंपनी कांहीं मोठ्या कलेची उपासक नव्हती. उन्हाळ्यांत, पितरांच्या सणाच्या सुमारास, जपानांत भूतकथांना मागणी असे. ती भागविण्यासाठीं थोडक्या खर्चांत चित्रपट काढावयाचे हा तिचा धंदा, आणि १९६१ सालीं तिचें दिवाळेंहि निघालें. असें असूनहि ह्या चित्रपटांत घाई कोठेंच दिसत नाहीं. तादाशी निशिमोतो ह्यांचा कॅमेरा पात्रांच्या फार जवळ न जातां त्यांना घराच्या चौकटींत पाहत राहतो. त्यामुळें जें घडतें तें एका दुष्टाचें कृत्य न वाटतां एका संसाराचें मोडणें वाटतें. शिगेरु आमाची ह्यांनीं रंगविलेला इयेमोन राक्षस नाहीं. तो दुबळा, मानी व गरिबीला कंटाळलेला मनुष्य आहे, आणि प्रत्येक पाप करण्यापूर्वीं क्षणभर थांबतो. हें थांबणेंच भयंकर आहे. कारण त्या क्षणीं त्याला परत फिरतां आलें असतें. कात्सुको वाकासुगी ह्यांची ओइवा विष पोटांत गेल्यावर आरशापुढें बसून केंस विंचरते, आणि फणीबरोबर केंसांचे पुंजके हातांत येतात. ह्या प्रसंगीं ती अजून भूत झालेली नाहीं. ती नवऱ्यासमोर नीटनेटकें जाण्याची धडपड करणारी एक गृहिणी आहे. प्रेक्षकाच्या मनांत दया व किळस ह्या दोन्ही एकाच वेळीं उत्पन्न होतात, आणि किळस वाटल्याची त्याला लाज वाटते. पुढें फळीस खिळलेलें तिचें प्रेत इयेमोनाच्या डोळ्यांपुढें पुनः पुनः येतें, तेव्हां ह्या लाजेमुळेंच आपण मनानें तिच्या बाजूला गेलेले असतों.

मासाकी कोबायाशी ह्यांच्या 'क्वाइदान' (१९६४) ह्या चित्रपटांत फिर्याद आणखी मूक होते. ग्रीक बेटावर जन्मलेला, आयरिश बापाचा लेखक लफ्काडिओ हर्न १८९० सालीं जपानांत गेला, तेथेंच त्यानें संसार थाटला आणि कोइझुमी याकुमो हें नांव घेतलें. १९०४ सालीं तो वारला. त्यानें इंग्रजींत लिहून ठेवलेल्या जपानी कथांपैकीं चार ह्या चित्रपटांत घेतल्या आहेत. 'काळे केंस' ही पहिली. एक सामुराई दारिद्र्याला विटून आपल्या साध्वी बायकोस टाकतो व वरच्या कुळांत दुसरा घरोबा करतो. वर्षांमागून वर्षें गेल्यावर पश्चात्ताप होऊन तो परत येतो, तों पडक्या घरांत ती पूर्वीच्याच जागीं काम करीत बसलेली. ती एक शब्दहि लावून बोलत नाहीं. सकाळीं त्याला कळून येतें कीं आपण रात्र एका प्रेताशेजारीं काढली. मिचियो आरातामा ह्या नटीनें ह्या पत्नीच्या मुखावर इतकी शांति ठेवली आहे कीं तिच्या क्षमेनेंच तो पुरुष दोषी ठरतो.

ह्या कथेतील भय डोळ्यांपेक्षां कानांनीं अधिक कळतें, व त्याचें श्रेय संगीतकार तोरु ताकेमित्सु ह्यांना आहे. त्यांनीं पावलांचे, दारांचे, पडझडीचे नित्याचे आवाज पुष्कळ ठिकाणीं काढून टाकले, आणि लांकूड फुटल्याचा, तडकल्याचा ध्वनि मधून मधून घातला. तोहि घटनेच्या क्षणाला जुळवून नव्हे, तर तिच्यापासून सोडवून. नायक धडपडतो तेव्हां शांतता असते. तडकण्याचा आवाज येतो तेव्हां पडद्यावर कांहीं तडकत नसतें. अपराधाची जाणीवहि मनुष्याला अशीच अवेळीं होते. शिगेमासा तोदा ह्यांनीं उभारलेलीं भव्य नेपथ्यें, रंगविलेलीं आकाशें व योशिओ मियाजिमा ह्यांचें छायालेखन ह्यांची स्तुति पुष्कळ झाली, आणि कान येथील उत्सवांत १९६५ सालीं चित्रपटाला परीक्षकांचें विशेष पारितोषिकहि मिळालें. ह्याच चित्रपटांत होइची नांवाच्या आंधळ्या गायकाची एक कथा आहे. भुतांपासून रक्षण व्हावें म्हणून त्याच्या सर्वांगावर पवित्र मंत्र लिहितात, पण कान तेवढे विसरतात, आणि भूत तेच उपटून नेतें. समीक्षकांकडूनहि अशीच चूक वारंवार होते. कानांचा भाग लिहावयाचा राहून जातो. ह्या भव्यतेची किंमतहि मोठी पडली. तीन अभिनेत्रींनीं १९५४ सालीं स्थापन केलेली निर्मितिसंस्था ह्या एका चित्रपटाच्या खर्चाखालीं बुडाली.

कानेतो शिंदो ह्यांचा 'ओनिबाबा' (१९६४) ह्याच वर्षाचा, परंतु अगदीं निराळ्या जातीचा. त्यांत भूत नाहींच. चवदाव्या शतकांतील यादवी युद्धांत एक सासू व एक सून माणसाहून उंच गवताच्या रानांत राहतात, वाट चुकलेल्या शिपायांस ठार मारून त्यांचीं चिलखतें विकतात आणि प्रेतें एका खोल खड्ड्यांत टाकतात. मुलगा लढाईंत मेलेला. सून शेजारच्या पुरुषाकडे रात्रीं जाऊं लागते, तेव्हां तिला भेवडाविण्यासाठीं सासू एका मेलेल्या सामुराईचा राक्षसी मुखवटा चढविते. पावसांत भिजलेला तो मुखवटा मग निघतां निघत नाहीं. शेवटीं तो फोडून काढल्यावर आंतून जो चेहरा दिसतो, तो घडवितांना हिरोशिमा प्रांतांत जन्मलेल्या शिंदोंच्या डोळ्यांपुढें अणुबाँबनें भाजलेलीं माणसें होतीं. सासूची भूमिका करणाऱ्या नोबुको ओतोवा ह्यांनींच १९५२ सालच्या शिंदोंच्या चित्रपटांत उध्वस्त हिरोशिमाला परतणाऱ्या शिक्षिकेचें काम केलें होतें, हें लक्षांत घेतलें म्हणजे ह्या भूमिकेचें गांभीर्य वाढतें. आपण भूत नव्हे, माणूस आहों, असें ओरडत ती सुनेच्या मागें धांवते. येथें फिर्यादी व गुन्हेगार एकच आहे, आणि त्या दोघींनाहि असें करणारें युद्ध पडद्याबाहेर कोठें तरी चाललेलें आहे. कियोमी कुरोदा ह्यांनीं टिपलेलें तें सतत सळसळणारें गवत व हिकारु हायाशी ह्यांचे ढोलाचे आघात ह्या गोष्टी काढून घेतल्या, तर कथा केवळ बोधकथा उरेल.

ह्यानंतरच्या पिढींतील सर्वांत गाजलेला चित्रपट म्हणजे हिदेओ नाकाता ह्यांचा 'रिंगु' (१९९८). एक ध्वनिचित्रफीत आहे. ती पाहील तो सात दिवसांनीं मरतो. तिच्या मुळाशीं सादाको नांवाची, विहिरींत ढकलून मारलेली एक मुलगी आहे, आणि तिच्याहि आधीं तिची आई आहे, जिच्या अलौकिक शक्तीची वृत्तपत्रकारांनीं भर सभेंत टवाळी केली. आपल्याकडे भुताचे पाय उलटे असतात अशी समजूत आहे. जपानी चित्रकलेंत भुताला पायच दाखवीत नाहींत. सादाकोचें काम करणाऱ्या रिए इनोओ ह्यांना मागें मागें चालावयास लावून तें चित्रण उलट फिरविण्यांत आलें; म्हणजे जपानी भुताला अखेर पाय आले, ते आपल्यासारखे उलटेच आले असें म्हणावयास हरकत नाहीं! विनोद सोडला तर ह्या युक्तींत मोठें मर्म आहे. चाल माणसाचीच असते, पण तिचा काळ आपला नसतो. इनोओंचा चेहरा केंसांआड झांकलेला आहे. जो एक डोळा शेवटीं दिसतो, तो तर चित्रपटाच्या कर्मचाऱ्यांपैकीं एका पुरुषाचा. ज्या भूमिकेची कीर्ति जगभर झाली, तींत नटीनें आपलें तोंडहि दाखविलें नाहीं. असा त्याग रंगभूमीवरील मोठमोठ्या नटांनाहि अवघड वाटेल.

परंतु 'रिंगु'चें खरें सामर्थ्य हिरोशी ताकाहाशी ह्यांच्या पटकथेंत आहे. कोजी सुझुकी ह्यांच्या १९९१ सालच्या मूळ कादंबरींत शोध करणारा बातमीदार पुरुष आहे. चित्रपटांत त्या जागीं नवऱ्यापासून वेगळी झालेली एक आई आली. नानाको मात्सुशिमा ह्यांनीं रंगविलेली ही रेइको विहिरींत उतरून सादाकोचा सांगाडा पोटाशीं धरते. येथेंच कथा संपेल असें वाटतें, कारण दया झाली म्हणजे शाप सरतो असें आपण धरून चालतों. पण शाप सरत नाहीं. फीत उतरवून दुसऱ्यास दाखविली तरच पाहणारा वांचतो, हें कळल्यावर मुलासाठीं रेइको आपल्या वृद्ध पित्याच्या घरची वाट धरते. मोटार ढगाळ आकाशाखालीं दूर जाते आणि चित्रपट संपतो. आपलें मूल वांचविण्यासाठीं कोणाचें मरण तुम्हीं पत्कराल, हा प्रश्न आतां सादाको विचारीत नाहीं. तो आपणच आपणांस विचारूं लागतों. अन्यायाबद्दल नुसती हळहळ वाटून फिर्याद निकालांत निघत नाहीं, आणि तिचा भार आपण सोयीस्करपणें दुसऱ्याच्या माथीं मारतों, ही ह्या चित्रपटाची शिकवण आहे. संसारी माणसाला ह्याहून भयंकर भूत दाखवितां येणार नाहीं.

ताकाशी शिमिझु ह्यांच्या 'जु-ओन' (२००२) ह्या चित्रपटाविषयीं मात्र आम्हांला इतकें समाधान वाटत नाहीं. ताकाको फुजी ह्यांच्या अभिनयाबद्दल दुमत होणार नाहीं. संशयी नवऱ्यानें मारलेल्या कायाकोचें काम त्यांनीं केलें. ती जिन्यावरून सरपटत खालीं उतरते, त्या हालचालींत मोडलेल्या हाडांची वेदना प्रत्यक्ष दिसते. पण ही वेदना कोणापुढें मांडावयाची? त्या घरांत जो जो पाऊल टाकतो तो तो मरतो. आजारी म्हातारीची शुश्रूषा करण्यास आलेली निरपराध मुलगीहि त्यांतून सुटत नाहीं. जुलूम करणाऱ्यापुरताच न राहतां निरपराध्यांवरहि पसरतो, हेंच दाखवावयाचें आहे, असें कोणी म्हणेल; आणि त्यांत तथ्य आहे. परंतु प्रत्येक प्रकरणांत नवें माणूस यावें, आपण त्याला ओळखूं लागावें तोंच तें नाहींसें व्हावें, असें पुनः पुनः झाल्यावर मूळ अपराधाची आठवण पुसट होते, आणि फिर्याद जाऊन केवळ शिक्षा उरते. ज्या खटल्यांत आरोपी कोण हें न्यायालयच विसरलें, तेथें साक्षीदार कितीहि उत्कृष्ट बोलला तरी निकाल लागत नाहीं. फुजींची साक्ष उत्कृष्ट आहे, म्हणूनच ही उणीव अधिक खुपते.

म्हणून ह्या चित्रपटांची परीक्षा करतांना किती भीति वाटली हा प्रश्न आम्ही दुय्यम मानतों. दिवा लावल्यावर काय शिल्लक राहतें हा मुख्य प्रश्न. 'जु-ओन' पाहून झाल्यावर जिन्याकडे पाहवत नाहीं. दोन दिवसांनीं पाहवतें. ओइवेची फणी मात्र तशी विसरतां येत नाहीं, कारण ती प्रत्येक घरांत आहे, आणि कोणत्या घरांत कोणी मुकाट्यानें काय सोसलें ह्याचा हिशेब त्या त्या घरालाच ठाऊक असतो. कर्त्या माणसांनीं हे चित्रपट मुलांस चोरून पाहूं देण्याऐवजीं त्यांच्यासह बसून पाहावे अशी आमची शिफारस आहे. भिण्याची पाळी मुलांपेक्षां मोठ्यांवरच अधिक येईल.