ब्लूज, लावणी आणि भीमगीत : स्त्रीस्वराचा प्रश्न

लोकप्रिय संगीत हे केवळ रंजन नसून विचारनिर्मितीचेही क्षेत्र आहे, ही दृष्टी समीक्षेत रुजविण्यात कृष्णवर्णीय स्त्रीवादाचा वाटा मोठा आहे. वंश, वर्ग आणि लिंगभाव यांवर आधारलेले दमन परस्परांत गुंतलेले असते, असे कॉम्बाही रिव्हर कलेक्टिव्हने 1977 मध्ये प्रतिपादले. पुढे 1998 मध्ये अँजेला डेव्हिस यांनी मा रेनी व बेसी स्मिथ यांच्या ब्लूज-गायनात श्रमिक कृष्णवर्णीय स्त्रियांच्या जाणिवेचा शोध घेतला. या गायनातील लैंगिक इच्छेचा निःसंकोच उच्चार, त्यांच्या मते, गुलामगिरीच्या अंतानंतर लाभलेल्या जोडीदार-निवडीच्या स्वातंत्र्याशी निगडित आहे.

1998 मध्येच शर्मिला रेगे यांनी दलित स्त्रीवादी भूमिदृष्टी मांडली. साहजिकच ब्लूजचा निकष मराठी लोकसंगीतालाही लावण्याचा मोह होतो. परंतु लावणीपाशी ही तुलना अडखळते. शृंगारिक लावणीतील इच्छेचा स्वर स्त्रीचा असला, तरी तिचे शाहीर बहुधा पुरुष होते आणि ती सादर करणे हे विशिष्ट जातींतील स्त्रियांवर लादलेले श्रम होते. शैलजा पाईक यांच्या 2022 मधील ग्रंथाने तमाशातील 'अश्लीलते'चा हा जातिबद्ध अर्थ विस्ताराने उलगडला आहे. ब्लूजमध्ये जो उच्चार मुक्तीची खूण ठरला, तोच येथे दास्याची खूण होता. त्यामुळे आंबेडकरी जलशाने शृंगाराला दिलेला नकार निव्वळ सोवळेपणा म्हणून निकालात काढता येत नाही.

मात्र या नकाराचे मोलही स्त्रीलाच चुकवावे लागले. प्रतिष्ठेचा भार तिच्या देहावर आला आणि तिची इच्छा गीतातून हद्दपार झाली. भीमगीतांचे ख्यातनाम कवीही, वामनदादा कर्डकांसारखे, प्रामुख्याने पुरुषच राहिले. मग या परंपरेत स्त्रीचा स्वतःचा स्वर कोठे शोधावा?

त्याचे एक उत्तर जात्यावरच्या ओवीत सापडते. 1996 मध्ये माजलगावच्या भीमनगरात ध्वनिमुद्रित झालेल्या ओव्यांत आंबेडकर नात्यातल्या माणसासारखे येतात. राजकीय नेत्याला नात्यात ओढून घेणारी ही कल्पनाशक्ती शाहिरी स्तुतीहून वेगळी आहे. तिच्यात कृतज्ञतेइतकाच हक्कही आहे. एकतारीवर गाणाऱ्या कडूबाई खरात यांचा, भ्रमणध्वनीवरून घरोघरी पोहोचलेला स्वर याच परंपरेच्या निकट जातो. 14 एप्रिलला वर्धा जिल्ह्यातील रोहण्यासारख्या गावी भीमगीत ऐकणाऱ्या स्त्रीलाही तो परका वाटू नये.

म्हणून कृष्णवर्णीय स्त्रीवादाकडून मराठी समीक्षेने घ्यावयाची आहे ती पद्धती, निष्कर्ष नव्हेत. स्त्री काय गाते एवढ्यावर न थांबता, ते गाणे नाकारण्याची मुभा तिला होती काय, हा प्रश्न आधी विचारला पाहिजे. लावणीला सरसकट बंडखोर ठरविणारी आणि भीमगीताला प्रचारकी म्हणून बाजूस सारणारी, अशा दोन्ही समीक्षा हा प्रश्न टाळतात.