रहस्यकथेची परिभाषा

मराठीच्या तासाला रहस्यकथेला सहसा मज्जाव असतो. ती बाकाखाली धरून वाचायची! बाबूराव अर्नाळकरांच्या हजाराहून अधिक कादंबऱ्या कित्येकांनी अशाच वाचल्या. आम्हां विज्ञानवाल्यांना मात्र हा साहित्यप्रकार जवळचा वाटतो. त्याची परिभाषा आमच्याही कामाची आहे.

पहिली जोडी कथा आणि कथानक यांची. घटना ज्या क्रमाने घडल्या ती कथा. वाचकापुढे ज्या क्रमाने येतात ते कथानक. रहस्यकथेत गुन्हा आधी घडतो, पण उलगडतो शेवटी. सातपुड्यातील बेसाल्टचे थर वाचणारा भूवैज्ञानिकही असाच परिणामाकडून कारणाकडे जातो.

दुसरी जोडी दुवा आणि चकवा यांची. कॉनन डॉइल यांच्या 'सिल्व्हर ब्लेझ' (१८९२) या कथेत रात्री तबेल्यातून घोडा नाहीसा होतो, पण कुत्रा भुंकत नाही. जे घडले नाही तोच दुवा! येणारा कुत्र्याच्या ओळखीचा असणार. हा दुवा वाचकालाही आधीच दिलेला असतो. अर्नाळकरांच्या झुंजारकथांत वाचक बहुधा नायकामागे धावतो. थरार मिळतो, पण तर्काला सवड मिळत नाही.

तिसरी संज्ञा निवेदक. ॲगाथा ख्रिस्ती यांच्या 'द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड'ने (१९२६) सांगणाऱ्यावर कितपत विसंबावे, हा प्रश्न ठळकपणे पुढे आणला.

या संज्ञा केवळ परीक्षेपुरत्या नाहीत. नंदुरबार जिल्ह्यात अक्कलकुवा-धडगावच्या डोंगराळ भागात बाईला डाकीण ठरवून छळल्याच्या घटना घडल्या आहेत. २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला. पण कायदा गुन्ह्यानंतर येतो, विचार आधी यायला हवा. मूल दगावले, दोषी कोण? हीदेखील रहस्यकथाच. मात्र इथे नाव आधी ठरते आणि दुवे मागून गोळा केले जातात. मुलाला ताप होता का, दवाखान्यात नेले होते का, हे कुणी विचारत नाही. निवेदकाची उलटतपासणी तर होतच नाही. शहरांतल्या अफवांची घडणही याहून निराळी नसते.

शिक्षकांनी एक प्रयोग करून पाहावा. शेवटचे पान काढून एखादी रहस्यकथा वर्गात वाचायला द्यावी. प्रत्येकाने आपला संशयित आणि त्यामागचे दुवे लिहावेत. मग एकच प्रश्न विचारावा: कोणता पुरावा मिळाला तर तुम्ही हे नाव खोडाल? ज्याच्यापाशी याचे उत्तर नाही, त्याने उकल केलेली नाही; केवळ आरोप केला आहे.