चित्रकलेचा विद्यार्थी आणि त्याची पुस्तके

चित्रकला ही पुस्तकावरून शिकण्याची विद्या नव्हे, असे म्हणण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. आणि असे म्हणणारेच गृहस्थ, आपल्या मुलाने वा मुलीने रेखाकलेची इंटरमिजिएट परीक्षा उत्तम रीतीने दिली की, आता तिला कोणते पुस्तक घेऊन द्यावे असे विचारीत येतात. सातारा-सांगलीकडे ही विचारणा विशेष आग्रहाने होते, व तिचे कारण उघड आहे. मुंबईच्या विद्यार्थ्यास वाटेल त्या दिवशी चित्रसंग्रहालयात जाऊन मूळ चित्रासमोर उभे राहता येते. कृष्णाकाठच्या विद्यार्थ्याची जगातील चित्रांशी गाठ पडते ती छापील पानावर, आणि अलीकडे हातातल्या फोनच्या काचेवर. यास्तव त्याचा डोळा कोणाच्या हाती सोपवावयाचा, असेच या प्रश्नाचे खरे स्वरूप आहे. आमची कसोटी साधी आहे. पुस्तक मिटल्यावर विद्यार्थ्याची नजर भोवतालच्या वस्तूंकडे वळली, तर ते पुस्तक घ्यावे. त्याच पुस्तकातील आकृत्या पुनःपुन्हा गिरवण्याकडे वळली, तर ते कितीही देखणे असले तरी दुकानातच राहू द्यावे.

या कसोटीस आधी अँड्र्यू लूमिस यांस लावू, कारण विद्यार्थ्यांच्या तोंडी हे नाव सर्वांत अधिक असते. या अमेरिकन चित्रकाराचे ‘फिगर ड्रॉइंग फॉर ऑल इट्स वर्थ’ १९४३ साली व ‘क्रिएटिव्ह इलस्ट्रेशन’ १९४७ साली निघाले. पुढे ती दीर्घकाळ दुर्मीळ झाली होती. २०११ पासून पुन्हा छापून निघू लागली, आणि तेव्हापासून त्यांचा प्रसार फार झाला. त्यांची योग्यता आम्ही कमी लेखीत नाही. क्षितिजरेषा ठरवून जमिनीवर जवळदूर उभी असलेली माणसे एकाच मापात कशी बसवावीत, हा त्यांतील भाग प्रत्येक विद्यार्थ्याने हाती पेन्सिल घेऊन वाचावा. परंतु त्यांचा आदर्श पुरुष आठ मस्तकांएवढा उंच आहे, त्याच्या अंगावर सूट आहे, आणि त्यांच्या स्त्रिया जाहिरातीतून चालत आल्यासारख्या दिसतात. हे साहजिकच आहे. त्यांचा व्यवसायच त्या जाहिरातींचा व मासिकांचा होता. आपला विद्यार्थी मात्र ती मापे सार्वकालिक समजतो, आणि मग त्याच्या चित्रातला पाटणचा शेतकरीही शिकागोच्या रस्त्यावरील माणसासारखा खांदे ताठ करून उभा राहतो. जॉर्ज ब्रिजमन यांचे ‘कन्स्ट्रक्टिव्ह अ‍ॅनाटमी’ (१९२०) आम्हांस या बाबतीत अधिक निर्धोक वाटते. त्यात देह ठोकळ्यांचा व पाचरींचा बनलेला आहे. ठोकळ्यास देश नसतो.

उणीव आहे ती दुसऱ्याच ठिकाणी. मांडी घालून बसलेला माणूस, उकिडवी बसून भाकरी थापणारी बाई, नऊवारी लुगड्याचा काष्टा, खांद्यावरून ओढून घेतलेला पदर, मुंडाशाचे पीळ, या गोष्टी पाश्चात्त्य पुस्तकांत सापडणार नाहीत, आणि कथाचित्रे काढणाऱ्यास त्यांवाचून एक पाऊल टाकता येत नाही. कोणी म्हणेल, आपल्याकडे विष्णुधर्मोत्तर पुराणाच्या तिसऱ्या खंडातील चित्रसूत्र आहे की! आहे खरे. स्टेला क्राम्रिश यांनी १९२४ साली त्याचे इंग्रजी भाषांतर केल्यापासून त्याचे नाव सर्वत्र निघते. परंतु हंस पुरुषाची उंची १०८ अंगुले व शशकाची ९०, हे पाठ करून कोणास माणूस काढता आलेला आम्ही पाहिला नाही. तो ग्रंथ विचार करणाऱ्यासाठी आहे; नृत्य जाणल्यावाचून चित्र नीट कळत नाही, हा त्यातला विचार सोळा वर्षांच्या मुलापेक्षा त्याच्या शिक्षकास अधिक उपयोगी पडेल.

प्रत्यक्ष उपयोगाचा माणूस म्हणजे धुरंधर. महादेव विश्वनाथ धुरंधर (१८६७–१९४४) यांनी मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधील आपल्या आयुष्यावर ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ हे पुस्तक १९४० साली लिहिले. ते जुन्या ग्रंथालयात मिळाले तर सोडू नये. त्याहून मोठी शिकवण त्यांच्या चित्रांत आहे. किंकेड यांनी आपल्या व्रतवैकल्यांच्या कहाण्या इंग्रजीत आणून १९१४ साली ‘डेक्कन नर्सरी टेल्स’ या नावाने प्रसिद्ध केल्या, त्यांस धुरंधरांची चित्रे आहेत. श्रावणात घराघरांत वाचल्या जाणाऱ्या कहाण्या चित्रकाराने कोणत्या क्षणी थांबविल्या, वस्त्र कोठे ओढले गेले, कोठे सुटले, हे पाहण्यास याहून सोयीचे पुस्तक आमच्या माहितीत नाही. आणि हक्काची मुदत संपल्यामुळे ते आज महाजालावर फुकट मिळते. तीच गोष्ट ‘किर्लोस्कर’ मासिकाच्या जुन्या बांधीव अंकांची. १९२० साली किर्लोस्करवाडीहून ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागले. त्याचे संपादक शंकरराव किर्लोस्कर स्वतः चित्रकलेचे शिक्षण घेतलेले होते; त्यांच्या व्यंगचित्रांचे ‘टाकांच्या फेकी’ हे नावच त्यांचा हात कसा चालत असे ते सांगते.

किर्लोस्करवाडी त्या काळी औंध संस्थानात होती, आणि औंधाचे नाव निघाले की आम्हांस थोडे थांबावे लागेल. औंधचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) हे स्वतः चित्रकार होते. त्यांचे ‘चित्र रामायण’ १९१६ साली प्रसिद्ध झाले. आजच्या रुचीस त्यांतील चित्रे नाटकी वाटतील. पात्रे रंगभूमीवरील प्रवेशात उभी राहावीत तशी ओळीने उभी आहेत; १८४३ साली ज्या सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ उभे केले, तिच्या शेजारच्या संस्थानात रामायण असेच दिसावे यात नवल नाही. परंतु कथाचित्रकारास हे पुस्तक आम्ही मुद्दाम सुचवितो, आणि त्यातील दोषांसकट सुचवितो. एवढ्या मोठ्या कथेतून कोणते प्रसंग निवडावेत, एका पानावर किती माणसे मावतात, दुःखी मुद्रा आणि दुःखाचा अभिनय यांत अंतर काय, हे प्रश्न ही चित्रे चाळताना आपोआप उभे राहतात. निर्दोष चित्रे चाळताना बहुधा राहत नाहीत.

पंतांची दुसरी गोष्ट याहून मोलाची आहे. महाभारताची सचित्र आवृत्ती निघावी, ही कल्पना त्यांनी १९१८ साली पुण्याच्या भांडारकर संस्थेपुढे मांडली व तीस द्रव्यसाहाय्य देऊ केले. चित्रे काढावयाची तर आधी मूळ पाठ शुद्ध पाहिजे, असा विचार पुढे वाढत गेला. आणि सुकथनकरादी पंडितांच्या परिश्रमाने जी चिकित्सक आवृत्ती १९६६ साली पूर्ण झाली, तिच्या उगमाशी एका चित्रकाराची ही इच्छा आहे. आज कथा न वाचताच, संपादकाने फोनवर सांगितलेल्या दोन वाक्यांवर चित्र काढून देण्याची जी रीत पडत चालली आहे, तिच्या शेजारी ही हकीकत ठेवून पाहावी. कथाचित्रकाराचे पहिले पुस्तक कोणते, असे कोणी विचारल्यास ज्या पुस्तकास चित्रे काढावयाची ते पुस्तक, असेच आम्ही उत्तर देऊ.

पंतांनी १९३८ साली उघडलेले श्रीभवानी संग्रहालय औंधला यमाईच्या डोंगरावर आहे. साताऱ्याहून काय आणि सांगलीहून काय, एका दिवसात जाऊन परतता येते. तेथे रविवर्म्याची मूळ तैलचित्रे आहेत. १८९४ साली रविवर्म्याचा छापखाना मुंबईत निघाल्यापासून त्याच्या लक्ष्मी-सरस्वती मराठी घरांच्या भिंतींवर आल्या, आणि आपण रविवर्मा पाहिला आहे अशी आपणा सर्वांची समजूत झाली. मूळ चित्रासमोर ती टिकत नाही. छापात सपाट झालेला अंगाचा वर्ण तेथे थरावर थर चढलेला दिसतो. रेशमावरचा उजेड जवळून पाहता चारदोन फटकाऱ्यांचा निघतो. याच संग्रहालयात हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचे माता आणि मूल यांचे एक लहान पाषाणशिल्प आहे. खटाव तालुक्यात ते असावे याचे आम्हांस दरवेळी कौतुक वाटते. वर्षाकाठी पुस्तकांवर जो खर्च होतो, त्यातून औंधच्या दोन फेऱ्यांचे भाडे आधी बाजूस काढावे, असे आम्ही पालकांस सुचवू.

पाहावे कसे, हे सांगणारी पुस्तके मराठीत थोडी आहेत, पण जी आहेत ती अव्वल दर्जाची आहेत. द. ग. गोडसे यांचे ‘पोत’ (१९६३) हे त्यांत अग्रगण्य. गोडसे स्वतः मुखपृष्ठे व नेपथ्य करणारे. वस्तूचा स्पर्श डोळ्यांनी कसा वाचावा हे त्यांस हाताने ठाऊक होते. भाषा मात्र सोपी नाही, आणि विद्यार्थ्याने ती सोपी होण्याची वाट पाहू नये. माधव आचवल यांची ‘किमया’ (१९६१) वास्तुकलेविषयी आहे, तरी निसर्गचित्र काढणाऱ्याने ती अवश्य वाचावी. वाईचा घाट म्हणजे पायऱ्या नव्हेत, त्या पायऱ्यांनी वेढलेला अवकाश, हे तिच्यामुळे कळू लागते. प्रभाकर बरवे यांचा ‘कोरा कॅनव्हास’ (१९९०) आम्ही इतक्यात देणार नाही. हात तयार होण्यापूर्वी तो वाचणाऱ्यास आपण विचारवंत झालो असे वाटू लागते, आणि रेखाटनाची वही तशीच कोरी राहते. चरित्रांसाठी बाबुराव सडवेलकरांचे ‘महाराष्ट्रातील कलावंत : आदरणीय आणि संस्मरणीय’ घरात असावे. आबालाल रहिमानांसारख्या चित्रकाराचे नावही आपल्या पदवीधरांस माहीत नसते. गोम्ब्रिखचे ‘स्टोरी ऑफ आर्ट’ (१९५०) वाचण्यास रसाळ आहे, पण कलेच्या त्या कथेत भारतास अगदी थोडी जागा आहे, हे ध्यानी ठेवून वाचावे.

जलरंगांविषयी मिलिंद मुळीक यांची पुस्तके चांगली आहेत, व ती सर्वत्र मिळतात. तक्रार आहे ती वाचणाऱ्यांची. माहुलीचा संगम असो की हरिपूरचा, प्रत्येकाच्या कागदावर तीच ओली जांभळी छाया पसरू लागली, तर तो दोष पुस्तकाचा म्हणता येत नाही.

राहता राहिला खर्चाचा प्रश्न. चित्रांची पुस्तके गुळगुळीत कागदावर छापतात, म्हणून ती महाग असतात; आणि सांगलीकरांस हेही ठाऊक आहे की, असा कागद एकदा भिजला की वाळताना पाने एकमेकांस चिकटून बसतात व मग ती सोडविता येत नाहीत. २०१९ च्या महापुरानंतर तेथे ज्यांनी कपाटे उघडली, त्यांस हे निराळे सांगावयास नको. तेव्हा जाड चित्रसंग्रह ग्रंथालयाने घ्यावेत व वरच्या मजल्यावर ठेवावेत. विद्यार्थ्याने घरी ब्रिजमन, ‘पोत’ आणि साध्या कागदाच्या चारसहा वह्या ठेवाव्यात. जोसेफ आल्बर्स यांचे रंगांवरील ‘इंटरॅक्शन ऑफ कलर’ (१९६३) परवडले तर उत्तम. न परवडल्यास त्यातील मुख्य पाठ घोटीव कागदावर करता येतो: एकाच करड्या कागदाचे दोन सारखे तुकडे कापावेत, एक काळ्यावर व एक पिवळ्यावर चिकटवावा, आणि ते दोन्ही एकाच रंगाचे आहेत हे घरातील इतरांस पटते का, ते पाहावे.