मौनाचे कलम : ठराव क्रमांक २२३१ चे परीक्षण

राष्ट्राराष्ट्रांतील करारनामे व ठराव ह्यांचे परीक्षण वाङ्मयविषयक मासिकात करण्याची चाल आपल्याकडे फारशी नाही. असले लेख वकिलांनी वाचावे आणि मुत्सद्द्यांनी त्यांचा कीस पाडावा, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु ज्या लेखातील एका क्रियापदावर कोट्यवधी माणसांची भाकरी स्वस्त की महाग हे अवलंबून राहते, तो लेख शब्दांचे मोल जाणणाऱ्या वाचकाने दूर ठेवावा, हे आम्हांस पटत नाही. संयुक्त राष्ट्रसंघाच्या सुरक्षा परिषदेने २० जुलै २०१५ रोजी एकमताने संमत केलेला ठराव क्रमांक २२३१ हा अशा लेखांपैकी एक होय. त्यातील अकराव्या व बाराव्या कलमांचा प्रत्यक्ष प्रयोग सप्टेंबर २०२५ मध्ये झाला, आणि जानेवारी २०१६ मध्ये उठविलेले निर्बंध इराणवर पुनश्च लादण्यात आले. ही कलमे रचनेच्या दृष्टीने कशी उतरली आहेत आणि त्यांनी योजिलेले कार्य कितपत साधले, एवढाच आमच्यापुढील प्रश्न आहे.

प्रथम प्रसंग थोडक्यात सांगतो. इराण अणुबाँबच्या मार्गाने जात आहे ह्या संशयावरून २००६ ते २०१० ह्या काळात सुरक्षा परिषदेने सहा ठराव केले. शस्त्रास्त्रांचा व्यापार, अणुविषयक सामग्री, बँकांचे व्यवहार, अधिकाऱ्यांचा प्रवास ह्यांवर त्यांपैकी काहींनी बंधने घातली. पुढे १४ जुलै २०१५ रोजी व्हिएन्ना येथे करार झाला. इराणने युरेनियमचे समृद्धीकरण ३.६७ टक्क्यांवर व त्याचा साठा ३०० किलोंवर रोखावा, तपासनीसांस दारे उघडी ठेवावी, आणि बदल्यात निर्बंध उठावे, असा हा देवघेवीचा व्यवहार होता. अडचण एकच होती. निर्बंध एकदा उठले आणि उद्या इराणने शब्द मोडला, तर ते पुन्हा बसवावयास नवा ठराव लागणार. आणि रशिया किंवा चीन ह्यांपैकी एकाने हात वर करून नकार दिला की तो ठराव तेथेच मरणार.

ह्या अडचणीतून मसुदाकारांनी काढलेली वाट खरोखरच कौतुकास्पद आहे. करारातील एखाद्या सहभागी राष्ट्राने 'महत्त्वाच्या वचनाचे पालन होत नाही' अशी सूचना परिषदेस द्यावी. तदनंतर तीस दिवसांत परिषदेने मत द्यावयाचे ते निर्बंध लादावे की नाही ह्यावर नव्हे, तर उठविलेले निर्बंध तसेच उठलेले राहावे की नाही ह्यावर! असा ठराव संमत झाला नाही, तर एकतिसाव्या दिवसाच्या आरंभी जुने ठराव आपोआप जिवंत होतात. म्हणजे नकाराधिकाराचे हत्यार मोडले नाही, त्याची मूठ तेवढी फिरविली. शिक्षा थांबविण्यासाठी बोलावे लागते; शिक्षा होण्यासाठी नुसते गप्प राहिले तरी पुरते. वृत्तपत्रांनी ह्या युक्तीस 'स्नॅपबॅक' असे नाव दिले. ताणलेला रबर सोडताच सटकन मागे यावा तसा हा प्रकार. मूळ ठरावात मात्र तो शब्द कोठेही नाही.

ही युक्ती अगदीच निराधार नव्हती. इराकवर १९९० साली ठराव ६६१ अन्वये जे निर्बंध बसले त्यांस मुदत नव्हती. ते उठविण्यास परिषदेचा नवा होकार हवा होता, आणि तो होकार एकटे राष्ट्रही अडवू शकत होते. परिणामी त्यांचा मुख्य भाग २००३ पर्यंत टिकला. तेथे मौनाने शिक्षा चालू राहिली. २२३१ ने एक पाऊल पुढे टाकले. येथे मौनाने संपलेली शिक्षा पुन्हा सुरू होते.

रचनेचे हे कौशल्य मान्य करूनही कलमातील तीन उणिवांकडे वाचकांचे लक्ष वेधणे आम्हांस अवश्य वाटते.

पहिली उणीव एका क्रियापदात आहे. वचनभंग झाला आहे असे सिद्ध व्हावे, असे कलम म्हणत नाही. सूचना देणाऱ्या राष्ट्रास तसे 'वाटते' एवढेच त्यास पुरेसे आहे. 'महत्त्वाचा' वचनभंग कोणता, ह्याची व्याख्याही नाही. ज्याने फिर्याद करावी त्याचेच मत निकालाच्या जागी बसावे, अशी ही व्यवस्था आहे.

दुसरी उणीव 'सहभागी' ह्या शब्दात आहे. ८ मे २०१८ रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रंप ह्यांनी अमेरिकेस करारातून बाहेर काढले. आणि त्याच अमेरिकेने ऑगस्ट २०२० मध्ये 'ठरावात आमचे नाव सहभागी म्हणून लिहिलेले आहे' असे सांगून ह्याच कलमाचा आधार मागितला. अक्षर पाहिले तर नाव खरोखरच लिहिलेले होते; अर्थ पाहिला तर घर सोडून गेलेल्याने घराच्या वाट्यावर हक्क सांगावा तसा हा दावा होता. परिषदेच्या पंधरांपैकी तेरा सदस्यांनी तो नाकारला. अमेरिकेने मात्र निर्बंध परत आले असे जाहीर केले, व फेब्रुवारी २०२१ मध्ये नव्या सरकारने ते म्हणणे मागे घेतले.

तिसरी उणीव आम्हांस सर्वांत मोठी वाटते. ही कलमे शिक्षेकडे नेणारा रस्ता उतरणीचा ठेवतात आणि क्षमेकडे नेणारा रस्ता बांधीतच नाहीत. आपल्याकडील वाळीत टाकण्याची चाल क्रूर होती, आणि २०१६ च्या कायद्याने महाराष्ट्रात ती गुन्हा ठरली हे योग्यच झाले. पण त्या चालीतही प्रायश्चित्त घेऊन पुन्हा पंक्तीस बसण्याची काही वाट असे. येथे निर्बंध आणण्यास कोणाच्याही होकाराची गरज नाही. ते पुन्हा उठविण्यास मात्र नवा ठराव हवा, आणि पाचही स्थायी सदस्यांपैकी कोणाचाही नकार नको.

ह्या उणिवांचे फळ २०२५ साली दिसले. २८ ऑगस्ट रोजी ब्रिटन, फ्रान्स व जर्मनी ह्यांनी सूचना दिली. १९ सप्टेंबर रोजी सवलत चालू ठेवण्याचा ठराव मतास आला. चार अनुकूल, नऊ प्रतिकूल, दोन तटस्थ. २६ सप्टेंबर रोजी रशिया व चीन ह्यांनी सहा महिन्यांची मुदतवाढ मागितली. तीही त्याच मतसंख्येने फेटाळली गेली. २८ सप्टेंबरच्या आरंभी जुने ठराव परत आले. यंत्र अगदी बिनचूक चालले! परंतु इराण, रशिया व चीन ह्यांनी तो प्रकार मुळातच बेकायदा ठरविला, आणि १८ ऑक्टोबर २०२५ रोजी, ठरावाची मूळ मुदत भरली त्या दिवशी, २२३१ संपला असे कळविले. मौजेची गोष्ट अशी की, उभय पक्ष व्हिएन्ना कराराच्या एकाच छत्तिसाव्या परिच्छेदाचा आधार घेत आले आहेत. समोरच्याने वचन मोडले तर आपणही थांबावे, हा त्याचा अर्थ धरून इराणने २०१९ पासून मर्यादा ओलांडल्या. आणि त्याच परिच्छेदातील तक्रारीची पायरी आपण जानेवारी २०२० मध्ये चढलो होतो, असे युरोपीय राष्ट्रे म्हणतात.

येथे एक आक्षेप येईल, व तो हलका नाही. कलम कसेही असो, इराणचे वर्तन निर्दोष होते काय? मुळीच नव्हते. एप्रिल २०२१ पासून त्याने ६० टक्क्यांपर्यंत समृद्धीकरण चालविले. वीज निर्माण करण्यास एवढ्याची गरज नसते, आणि बाँबास लागणारे सुमारे ९० टक्के तेथून दूर नाहीत. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या अंदाजाप्रमाणे जून २०२५ च्या मध्यास असा साठा सुमारे ४४० किलो होता. तपासनीसांचे कॅमेरेही इराणने काढविले होते. अशा राज्यकर्त्यांविषयी संशय बाळगणाऱ्यांस आम्ही दोष देत नाही. किंबहुना कलम नसते तर २०१५ चा करारच झाला नसता, हेही आम्ही मान्य करतो. आणि मे २०१८ पर्यंत इराण मुख्य मर्यादा पाळीत असल्याचे संस्थेचे अहवाल सांगत होते, ह्यात कलमाच्या धाकाचा काही वाटा असेलच.

पण धाक आणि प्रयोग ह्यांत अंतर आहे. निर्बंधांचा हेतू साठा दृष्टीसमोर राहावा हा होता. जून २०२५ मध्ये इस्रायल व अमेरिका ह्यांनी इराणच्या अणुकेंद्रांवर हल्ले केल्यावर तपासणी खुंटली. ती पुन्हा सुरू करण्याविषयी ९ सप्टेंबर रोजी कैरो येथे समझोता झाला. निर्बंध परतल्यावर तो डळमळला व नोव्हेंबरमध्ये इराणने तो संपुष्टात आणला. म्हणजे पाहणे हे ज्याचे प्रयोजन, त्याच्या प्रयोगाने पाहणेच थांबले. उलट ज्यांनी युरेनियमचा कणही पाहिला नाही त्यांस फळ तत्काळ मिळाले. करार झाला तेव्हा एका डॉलरास सुमारे ३२,००० रियाल पडत; निर्बंध परतले त्या सुमारास ११ लाखांहून अधिक पडू लागले. ह्या घसरणीस तेथील राज्यकारभार व २०१८ पासूनचे अमेरिकेचे स्वतंत्र निर्बंध हीही कारणे आहेत. तथापि मास्तराचे वेतन आणि विधवेची पुंजी ह्यांस कारणांची वाटणी कळत नाही. औषधे कागदोपत्री वगळलेली असतात, परंतु भ्यालेली बँक पैसे पोचवीत नाही.

सबब आमचा अभिप्राय असा की, ही कलमे मसुदालेखनाचा उत्तम नमुना असून कायद्याचा मात्र अपुरा नमुना आहेत. नकाराधिकारास चुकविण्याच्या भरात कर्त्यांनी संमतीसच चुकविले. आणि जो हुकूम निघताना कोणाची संमती लागली नाही, तो पाळतानाही अर्ध्या जगाने दिली नाही. पुढे केव्हातरी असा करार पुन्हा लिहावा लागेल. तो लिहिणारांनी तीन वाक्ये अधिक घालावी : वचनभंग कोणी ठरवावा, करार सोडणाऱ्यास कोणता हक्क उरतो, आणि वर्तन सुधारल्यास निर्बंध कोणत्या दिवशी उठतील. असा मसुदा इतका चतुर दिसणार नाही. परंतु तो पाळला जाण्याचा संभव अधिक राहील.