अंगठ्याची साक्ष

सर विल्यम हर्शेल यांचें ‘दि ओरिजिन ऑफ फिंगर-प्रिंटिंग’ हें १९१६ सालचें छोटेखानी पुस्तक आम्हीं अलीकडे पुन्हा वाचलें. बोटांच्या ठशांची कल्पना प्रथम कोणाची, या वादांत लिहिलेली ही एक कैफियत आहे. त्या वादांत आतां कोणास फारसा रस उरलेला नाहीं. तरी पुस्तकांतील एक कबुली मात्र आजच्या वाचकानें अवश्य वाचावी. १८५८ सालीं बंगालमधील जंगीपूर येथें राज्यधर कोनाई नांवाच्या कंत्राटदाराशीं रस्त्याच्या खडीचा करार करतांना साहेबांनीं त्याच्या तळहाताला कचेरीच्या शिक्क्याची शाई लावली आणि कागदावर पंजा उठवून घेतला. त्यांत शास्त्र कांहींच नव्हतें. पुढें सही नाकारण्याचें धैर्य त्याला होऊं नये, एवढाच हेतु होता, असें ते स्वतःच सांगतात. पुढें १८७७ पासून हुगळीस त्यांनीं पेन्शनरांचे आणि दस्तऐवज नोंदविणारांचेही ठसे घेतले. ग्रंथकाराची लेखणी प्रांजळ आहे. पण ठसा देणाराला काय वाटलें असेल, या प्रश्नापाशीं ती फारशी थांबत नाहीं.

म्हणजे या विद्येचा जन्मच अविश्वासाच्या पोटीं झाला. आपल्याकडे तर ‘निशाणी डावा अंगठा’ ही निरक्षराची खूण, आणि ‘अंगठाबहाद्दर’ ही शिवीच होती. सही करणारांचीं बोटें शाईपासून दूर राहिलीं. २९ सप्टेंबर २०१० रोजीं नंदुरबार जिल्ह्यांतील टेंभली येथें आधारचे पहिले क्रमांक वांटण्यांत आले, आणि हां हां म्हणतां अंगठा पदवीधरांच्याही कपाळीं आला. आम्हीं तो कुरकुर न करतां दिला. याला सुशिक्षितांचा विज्ञानावरील विश्वास म्हणण्याची चाल आहे. आम्हांस तें पटत नाहीं. खडू आणि लेखणी याखेरीज दुसरें कांहीं न हाताळणारीं आमचीं बोटें तें यंत्र सहसा नाकारीत नाहीं, इतकेंच.

ज्याला हल्लीं सेन्सर म्हणतात त्याची करामत साधी आहे. बोटाचे उंचवटे जेथें कांचेला टेकतात तेथून प्रकाश परतत नाहीं, खांचांपाशीं परततो. त्या काळ्या-उजळ रेघांची आकृति जमते. सिमेंट कालविणाऱ्या गवंड्याचे उंचवटेच झिजलेले असले, तर यंत्रानें काय वाचावें? पण रेशनच्या दुकानांत ‘यंत्र चुकलें’ असें कोणी म्हणत नाहीं. ‘अंगठा लागत नाहीं’ असें म्हणतात. दोष बोटाकडे जातो. जुना दुकानदार चेहरा ओळखीत असे हें खरें. पण तोच खोट्या नांवांवर धान्यही उचलीत असे, तेव्हां गतकाळाचे गोडवे गाण्यांत अर्थ नाहीं. २०१८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें बहुमतानें सरकारी साहाय्यासाठीं आधारची अट मान्य केली. भिन्न मत देणाऱ्या न्यायमूर्ति चंद्रचूड यांनीं मात्र माणसाची प्रतिष्ठा संभाव्यतेच्या गणितावर सोंपवितां येणार नाहीं, असें बजावलें.

आमच्या घरीं भांडीं घासणाऱ्या बाईंबरोबर आम्ही मध्यंतरीं अशा एका दुकानीं गेलों होतों. वीस वर्षें दुकानदार त्यांना नांवानें हांक मारतो. त्या दिवशींही त्यानें मारली. बाईंनीं पदराला बोट पुसून तें तिसऱ्यांदा कांचेवर ठेवलें. त्या बोटावरच्या रेघा ज्या भांड्यांनीं पुसल्या त्यांत आमच्या घरचींही होतीं.